वळणाचं पाणी

आमची नदी वर्षातून एकदा उलटी फिरते.
जूनमध्ये मेकाँग फुगते, तोनले साप मागे रेटली जाते,
तळं पसरतं, झाडं मानेपर्यंत बुडतात,
बुडाल्या फांद्यांत मासे वाढतात.
उलट्या पाण्यावर आमची चूल पेटते.
म्हणून डॉक्टर फल्ला जेव्हा म्हणाल्या,
"मुलीची लघवी उलटी जातेय, खालून वर, किडनीकडे,"
मी विचारलं, "मग त्यात वाईट काय?"

सोखोमनं माझ्या पायावर पाय दिला.

कुन्थेआ चार वर्षांची.
सहा महिन्यांत पाच ताप.
दर तापाला आम्ही तिच्या पाठीवर नाणं घासलं
लाल पट्टे उठेपर्यंत,
भिक्खूंकडून मनगटाला दोरा आणला.
ती म्हणायची, शू करताना दुखतं.
आम्ही म्हणायचो, पाणी कमी पितेस, आणखी पी.

तपासणीला तिच्यात नळी घालून औषध भरलं
आणि थंड टेबलावर, अनोळखी माणसांसमोर, म्हणाले,
"हं, आता सोड."
ती सोडेना.
मग सोखोमनं ओठांनी तो आवाज काढला,
होडीच्या कडेला धरून बसवताना काढायची तो,
सुस्स्स,
आणि पडद्यावर पांढरं चढत गेलं
डाव्या अंगानं, नागमोडी,
पुराच्या ओढ्यासारखं फुगलेलं, पार वरपर्यंत.
मला ते सुंदर वाटलं.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी ओल्या रुमालाखाली सरबताची नळी ठेवली.
"ती वाहिनी कापून सोडवायची,
मूत्राशयाच्या अस्तराखालून नवी वाट करायची,
तिरकी, वाहिनीच्या रुंदीच्या पाचपट लांब.
मूत्राशय भरलं की अस्तर दाबलं जातं, वाट मिटते."
"म्हणजे आमचा माशांचा सापळा," मी म्हणालो,
"तोंडाशी बांबूच्या काड्यांचं नरसाळं.
आत जाताना वाकतं, बाहेर येताना टोचतं."
त्या थांबल्या. बोटानं रुमाल दाबत राहिल्या.
"तुमच्या सापळ्याला काड्या लागतात," म्हणाल्या,
"इथे पाणीच पाण्याला अडवतं."

वळणाचं पाणी वळणावर जातं, माझी आई म्हणायची.
वळण कुणी द्यायचं,
ते तिनं सांगितलं नाही.

साडेतीन तास.
बाकावर माझ्याशेजारी बात्तांबांगचा एक बाप
मिठात बुडवून कच्चा आंबा खात होता.
त्यानं मला अर्धा दिला. मी खाल्ला.
आंबा गोड होता की आंबट, विचारू नका.

रात्री पिशवीत लघवी आली,
मासे धुतलेल्या पाण्यासारखी.
मध्येच पोटात कळ उठायची,
कुन्थेआ फळीवर टाकलेल्या मागुरासारखी वळायची,
नर्स म्हणायची, मूत्राशय रागावलंय, रागावू द्या.
मला अक्षरं येत नाहीत.
पण घराच्या खांबावर पुराच्या खुणा मीच कोरतो,
तेव्हा पिशवीवरच्या रेघा मला आल्या.
दर तासाला मी बोटानं रेघ दाखवायचो,
नर्स लिहायची.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन: "पाणी वळलं.
नोम पेन्हला शर्यतीच्या होड्या निघाल्या.
तुझ्या जागी वाँग बसलाय, हात कच्चा आहे त्याचा."
अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं वल्हं घरी होतं.
मी म्हणालो, "आज रंग फिका आहे."
"कसला रंग?" तो म्हणाला.

डाव्या किडनीवर एक डाग आहे. तो जाणार नाही.
तीन महिन्यांनी पुन्हा फोटो.

घरी आल्यावर ती मागच्या फळीवर उकिडवी बसली,
टाक्यांवर हात ठेवून.
मी काखेत धरलं. सोखोम आतून ऐकत होती,
तांदूळ धुणं थांबवून.
बराच वेळ काही नाही.
मग तळ्यावर बारीक आवाज.

"हे कुठे जातं?"
"खाली. नोम पेन्हला. मग समुद्रात."
"परत येतं?"

मी खांबावरच्या खुणा पाहिल्या.
सर्वात वरची माझ्या डोक्याच्याही वर होती.