हातचा

आमच्या गावाच्या मधून सीमा जाते,
म्हणजे बेकरीच्या मागून, एका ओढ्यावरून.
अलीकडे वाल्का, लाटविया.
पलीकडे वाल्गा, एस्टोनिया.
ओढ्यावरचा पूल माझ्या अकरा पावलांचा,
बर्फ असेल तर सतरा.

मार्चमध्ये दोन्हीकडची माणसं कागद घेऊन येतात.
हिशेब करते मी, तीस वर्षं हेच करतेय.
पण यांना हवं असतं एकच उत्तर:
जास्त कोण कापतं?

इमान्ट्स इकडचा, लाकूडगिरणीतला.
आर्वो तिकडचा, त्याचा व्याही.
खिडकीशी बसून दोघं
पगाराच्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या छातीशी धरतात.
"शंभरातले हातात किती?"
"तू आधी सांग."
मुलांच्या लग्नाचा खर्च वाटून घेतानाही
एवढी घासाघीस झाली नव्हती.

मी रकाने आखते.
आयकर. विमा. पावावरचा, डिझेलवरचा,
बिअरवरचा –
त्यापायी आर्वो दर शनिवारी ढकलगाडी घेऊन इकडे येतो
आणि आपल्या सरकारला शिव्या घालत परततो,
त्याच सरकारनं पहाटे बर्फ काढलेल्या रस्त्यावरून.

इमान्ट्सच्या गुडघ्याचा नंबर लागायला चौदा महिने लागले.
हे कुठे लिहू?
आर्वोच्या बायकोला शेवटच्या महिन्यात
घरी नर्स येत होती, रोज, फुकट.
"फुकट नव्हे," आर्वो म्हणतो. "बत्तीस वर्षं भरत होतो."
मग बराच वेळ कुणी बोलत नाही.
रेडिएटर तेवढा टकटकतो.

नात दोघांची एकच, लीएना.
शाळा तिकडे, दातांचा डॉक्टर इकडे,
आणि झोका नेमका सीमेवर:
पुढे गेला की एक देश, मागे आला की दुसरा.
त्याच्या साखळीला तेल कुणाच्या पैशातलं
यावरून गेल्या उन्हाळ्यात दोघे आठवडाभर अबोला धरून होते.
ती झुलत होती.

बेरजेत हातचा एक येतो,
तो शेजारच्या रकान्यात मिळवायला जावं
तर रकाना दुसऱ्या देशाचा.
पेन्सिल तशीच धरून राहते मी.
वहीच्या कडेला असे कितीतरी एक
लिहून ठेवलेत, बारीक अक्षरात.

"सांगता येणार नाही," मी म्हणते.
दोघांनाही पटत नाही.
इमान्ट्स पाकीट काढतो, दाराकडे बघतो,
हळूच विचारतो:
"पावतीशिवाय किती?"
"आमच्याकडे असलं चालत नाही," आर्वो ताठ मानेनं सांगतो,
टोपी घालतो,
आणि पावती न घेताच जातो.