मटणाच्या दुकानावरची खोली

कोश जाडजूड. उशाखाली घेतला तर मान धरायची,
म्हणून रात्री तो खुर्चीत, माझ्या सदऱ्यावर झोपायचा.
पोथिया बंदरात खोली मिळाली ती मटणाच्या दुकानावर.
भाडं कमी, कारण फळ्यांच्या फटींतून वास वर यायचा
आणि पहाटे चारला सुऱ्याला धार.

त्या आठवड्यात मी एका क्रियापदाशी अडलो होतो.
उधळ्या मुलगा घरी परततो, त्या ओळीत.
बाप त्याला दुरून पाहतो, आणि मग
एस्प्लांख्निस्थे.
आमच्याकडच्या भाषांतरात इथे 'दया' होती,
धुऊन, इस्त्री करून घडी घातलेली.
कोश म्हणाला, मूळ नाम पाहा.
पाहिलं. काळीज, यकृत, फुप्फुसं, गुरदे,
पशू कापल्यावर आधी बाहेर काढतात ते सगळं.
खाली बारीक टायपात: लाक्षणिक अर्थ.

जिना उतरलो तर तोच शब्द पाटीवर,
खडूने, पुढे किलोचा भाव.

ईस्टरचा आदला दिवस. कालिरोई बाहेर नळावर
कोकराची आतडी उलटी करून लिंबाने चोळत होती.
"काय घोकतोस रात्रभर? वाच बघू."
वाचलं. ती हसली.
"मेलेल्या माणसासारखं बोलतोस पोरा.
'स्थे' नाही. 'स्थी'."
हात न पुसताच पान ओढून घेतलं,
शब्दावर ओलं बोट टेकवलं,
आणि ते तिथून उचललंच नाही.

"हे मी स्केवोसला म्हणायचे," ती म्हणाली.
"स्प्लाख्नो मू.
माझ्या पोटच्या गोळ्या."

मला व्याकरणच येत होतं, ते सांगितलं:
हे रूप कर्मणी आहे. म्हणजे बापाने काही केलं नाही,
त्याच्या आत काहीतरी झालं.
"मग? तुला काय वाटलं,
आतडं माणूस ठरवून तोडतो?"

पुढे विचारलं, दुरून म्हणजे किती दुरून?
कोशात 'दूर' होतं, अंतर नव्हतं.
"चेहरा दिसेल इतकं जवळ नाही," तिचं तिनेच ठरवलं.
"चालीवरून ओळखलं असणार.
माझा बाप स्पंजासाठी तळाशी जायचा.
एकदा घाईने वर आला, तेव्हापासून डावा पाय ओढायचा.
स्केवोसचं तेच झालं, एकोणिसाव्या वर्षी.
मग होडी कुणाची यावरून भांडण. त्याने ती विकली,
डार्विनला गेला. अकरा वर्षं.
तिथेही कालिम्नोसचेच लोक आहेत म्हणे, गल्लीच्या गल्ली.
तो चौकात वळला तरी मला कळेल.
अंधारात कळेल."

एवढं बोलून तिने कोकराच्या पोटात
तांदूळ भरले, त्याचीच कलेजी भरली.
"दोरा दे. तो नाही, जाड."
मी दोरा ओवून दिला. ती पोट शिवत राहिली.

सहाच्या सुमारास बोटीचा भोंगा.
ती सुई हातात घेऊनच दारात गेली.
फळीवरून माणसं उतरत होती,
खोकी, पोरं, सणाच्या मेणबत्त्या, एक दुचाकी.
मी माणसं पाहत होतो, ती पाय.
सगळे सरळ चालत होते.

"रस्सा खारट होईल," ती म्हणाली,
रस्सा अजून चढलाही नव्हता.

मध्यरात्री डोंगरावरून सुरुंग उडाले, दरवर्षीसारखे.
काचा थरथरल्या, कोश खुर्चीतून पडला.
भट्टीत, मातीच्या हंडीत
ते शिवलेलं पोट सकाळपर्यंत शिजत होतं.

जूनमध्ये परीक्षेला तीच ओळ आली.
रूप सांगा.
तृतीय पुरुष, एकवचन, भूतकाळ, कर्मणी.
बरोबर.
परीक्षकांनी माझी प्रत उचलून उजेडात धरली.
त्या शब्दावर एक तांबूस ठसा, बोटाच्या रेषांसकट.
"हे काय?"

टीप आहे, मी म्हणालो.