दोन्ही हातांनी

आडनाव विचारलं, तर म्हणाला, नाम.
अहो, नाव नको, आडनाव.
नाम, पुन्हा म्हणाला, आणि कमरेत वाकला.
मग त्याचा पहिलाच प्रश्न: आपलं वय किती?

वेर्ण्याच्या कारखान्यातला कोरियन इंजिनिअर,
सांकवाळला आमच्या माडीवरचा भाडेकरू,
त्याला माझ्या वयाशी काय देणंघेणं?
एक्कावन्न, मी तुटकपणे सांगितलं.
तो दोन वर्षांनी धाकटा निघाला
आणि त्या दिवसापासून जिन्यात कडेला उभा राहून
मला वाट देऊ लागला.

भाड्याचं पाकीट दोन्ही हातांनी.
किल्ली दोन्ही हातांनी.
एप्रिलात हुर्राक काढली
तर बाटलीही दोन्ही हातांनी धरून ओतली,
पपांनी पेला उचलेपर्यंत
स्वतःच्या पेल्याला शिवला नाही,
आणि प्यायला तो भिंतीकडे तोंड फिरवून.
तीस वर्षं मुरगाव बंदरात क्रेन चालवलेले पपा
माझ्या कानात म्हणाले,
हाका हुर्राक मानवूंक ना दिसता.
मी हसलो. भाट विकल्यापासून
आम्ही औषधांपुरतंच बोलतो.

सप्टेंबरात एकदा तो सुलक्षाकडे आला:
मासा हवा, तिखट नको, लसूण नको.
तिने नुसत्या मिठात तांबोशी तळून दिली.
रात्री माडीचं दार सताड उघडं,
टेबलावर सफरचंदं, तो मासा,
भाताच्या वाटीत उभा रोवलेला चमचा.
डास येतील, मी म्हटलं.
वडील येतील, तो म्हणाला.

हे मला कळलं. आम्हीही पान वाढून
कावळ्याची वाट बघतो.

उरलेलं त्याने जिन्याच्या पायरीवर सांगितलं,
माझ्याकडे न बघता:
त्या संध्याकाळी इस्पितळातून तीन फोन आले.
साहेब खुर्चीत होते.
साहेब उठेपर्यंत तिथं कोणी उठत नाही.
काम नव्हतं, पेपर वाचत होते.
साडेनऊला उठले.
वडील पावणेनऊला.

मोठ्यांचा मान, म्हणाला,
आणि वाक्य तिथंच सोडून
चपला जोडीनं नीट लावून आत गेला.

मला त्याच्या वाकण्याची चीड आली.
रात्रभर आली.

सकाळी रक्तदाबाची गोळी
एरवी मी मोबाइल बघत देतो, डाव्या हाताने.
आज मोबाइल फ्रीजवर ठेवला,
गोळी बशीत घातली,
बशी दोन्ही हातांनी पपांपुढे धरली.

त्यांनी गोळी बघितली. माझे हात बघितले.
खिशातून चष्मा काढला, पुसला,
आणि विचारलं,
सय खंय करपाची?