उंटावरून

मुख्यालयातून निघताना साहेब म्हणाले,
आठवड्यात उरका, कॅमल भरून आणा.
भांडवल, मालमत्ता, व्यवस्थापन, मिळकत, रोखता:
पाच इंग्रजी आद्याक्षरांचा उंट,
प्रत्येक पायाला एक ते पाच गुण,
एक म्हणजे उत्तम. (पाचवा पाय कुठला, असं कुणी विचारत नाही.)

उलानबातरहून रात्रभर गोबी तुडवत
दालनझादगादला उतरलो,
तर शाखेच्या कुंपणाला खराच उंट बांधलेला.
दोन वशिंडं. हिवाळ्याने रिकामं केलेलं एक
बाजूला लोंबत होतं.
मनात म्हटलं, भांडवल पर्याप्ततेत हा नापास.

आत आकडे गोजिरे होते.
सुधारणेआधी शंभर तुग्रुगांतले एकतीस परत येत नसत,
आता चार.
तक्ता उलटा तपासला, सुलटा तपासला.
चारच.
सत्तावीस गेले कुठे?
थोडे वसूल झाले, हे मान्य.
बाकीचे ताळेबंदातून उचलून एका वेगळ्या कंपनीत ठेवले,
जिला आम्ही आपसात उकिरडा म्हणतो.
शिवाय दोन शाखा बंद,
तेव्हापासून खर्चाचं प्रमाण देखणं दिसतं.
सीमेकडच्या माणसाला पेन्शन आणायला आता दीड दिवस लागतो.
तो दीड दिवस आमच्या कुठल्याच रकान्यात येत नाही,
तो त्याचा खर्च.

खिडकी क्रमांक दोनवर त्सेंडसुरेन.
जुनी बँक बुडाली तेव्हा शेवटचे तीन पगार
तिला पिठात मिळाले होते.
नव्या बँकेने काउंटरसकट तिला ठेवून घेतलं.

बुधवारी हांडमा नावाची म्हातारी आली. उंट तिचाच.
डेलच्या घडीतून निळ्या कापडात गुंडाळलेलं पासबुक काढलं,
जुन्या बँकेचं.
एकवीस हजार तुग्रुग.
तेव्हा त्यात पन्नास शेळ्या आल्या असत्या,
आज त्यांच्यातल्या एकीचा पायही येणार नाही.
हे देणं नव्या बँकेवर नाही,
कलम मला तोंडपाठ आहे.

त्सेंडसुरेनने पासबुक उघडलं,
कोऱ्या ओळीवर आजच्या तारखेचा शिक्का मारला,
वर फुंकर घातली
आणि दोन्ही हातांनी परत दिलं.
म्हातारीने तारीख वाचली, सावकाश, ओठ हलवत.
मग दुसऱ्या घडीतून लोकरीचे पैसे काढले
आणि आमच्या बँकेत भरले.

मी तिचं खातं उघडून पाहिलं.
दर वसंतात एक भरणा.
काढणी एकही नाही.

व्यवहाराशिवाय शिक्का? मी विचारलं. नियमात बसत नाही.
"नाहीच बसत," त्सेंडसुरेन म्हणाली. "लिहा."
आणि माझ्यापुढे खारट चहा सरकवला.

उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं,
तरी शेळ्या दिसाव्या लागतात.

रात्री हॉटेलच्या गार खोलीत हातमोजे घालून गुण दिले.
भांडवल दोन. मालमत्ता दोन, उकिरडा धरला तर तीन.
मिळकत दोन. रोखता एक,
आणि त्या एकाखाली कुणाकुणाच्या डेलच्या घड्या आहेत
ते लिहायला जागा नव्हती.
व्यवस्थापनापाशी अडलो.
तळटीप सात: खिडकी दोन, व्यवहाराविना शिक्का, वर्षातून एकदा.
धोका नगण्य, असं लिहिलं.
खोडलं.
मोजता आला नाही, असं लिहिलं.

सकाळी सहीसाठी अहवाल तिच्यापुढे ठेवला.
तिने चष्मा लावून तळटीप सात वाचली,
माझंच पेन मागून घेतलं
आणि दुरुस्ती केली:
वर्षातून दोनदा. शरदात तिची बहीण येते.