मिनिटाच्या भावाने

रीगाच्या विमानतळावर बावीस वर्षं
मी किल्ल्या दिल्या.
प्रत्येकीला पिवळा बिल्ला,
बिल्ल्यावर माझ्या अक्षरात नंबर.
आधी परवाना बघायचा, मग चेहरा, मग पुन्हा परवाना.
‘कुठवर जाणार?’ हा प्रश्न फॉर्मात नव्हता.
तो माझ्या पदरचा.

लोक सांगायचेही.
एक जण म्हणाला, लीपायाला, बायकोला परत आणायला.
तीन दिवसांची गाडी त्याने
त्याच रात्री आणून लावली.
मी उरलेल्या दोन दिवसांचं भाडं घेतलं नाही,
ते तालिवाल्दिस साहेबांनी माझ्या पगारातून घेतलं.

गेल्या वर्षी काउंटर उठला.
तिथे आता गाजराचा रस मिळतो.

आज मला गाडी हवी होती,
येल्गावाहून आईचं शिवणयंत्र आणायला.
बिडाचं यंत्र, बसवाला चढू देईना.
माद्राने, माझ्या भाचीने, फोनमध्ये सगळं घालून दिलं.
नकाशावर हिरवे ठिपके,
गल्लोगल्ली कुणी वाटाणे सांडल्यासारखे.
सगळ्यात जवळचा वाटाणा बेकरीच्या मागे,
चाकांपर्यंत चिखलात.
मी बोट लावलं, त्याने डोळे मिचकावले,
दार उघडलं.
सही नाही, अनामत नाही,
पत्र्यावरचे ओरखडे मोजणं नाही.
कुठवर, असं कुणी विचारलं नाही.

सीट कुणा लांब टांगांच्या माणसाने मागे ढकललेली.
आरशात नुसतं आभाळ.
पायाशी वाळू, म्हणजे सकाळी कुणीतरी
ह्या थंडीत समुद्रावर गेलं होतं.
कपाच्या खळग्यात संत्र्याची साल, अजून ओली.
आम्ही प्रत्येक गाडी धुऊन द्यायचो,
आधीचा माणूस पुसून टाकायचो.
मी सीट पुढे ओढली, साल तशीच ठेवली.

मिनिटाला सत्तावीस सेंट.
मी जन्मभर दिवसाने मोजत आले,
इथे लाल दिव्यालाही भाडं चढतं.
दौगावाच्या पुलावर पुढे ट्रॅक्टर होता.
त्या ट्रॅक्टरपायी माझे एक युरो आठ सेंट गेले.

तरी खरं ते बोलावं.
आज काउंटरवर मीच असते
तर समोरच्या ह्या बाईला मी
दोन दिवसांची गाडी खपवली असती,
वर काचेचा वेगळा विमा.

‘बस, कॉफी टाकते,’ स्काइद्रीते म्हणाली.
गाडी फाटकाशी उभी, पैसे खात.
मी कॉफी उभ्याउभ्या घेतली, जीभ पोळली.
तिने यंत्र जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं,
बाळंतिणीने गुंडाळावं तसं, डोक्याकडून आधी.
म्हणाली, ‘पूर्वी रविवारपर्यंत राहायचीस.’
पूर्वी ऑफिसची गाडी असायची.
हे मी मनात म्हणाले.

यंत्र मागे बसवताना
सीटच्या फटीतून निघाला एक हातमोजा.
लहान मुलाचा, लाल, अंगठ्याशी रफू केलेला.
रफू नीट नव्हतं, पण घाईचंही नव्हतं.
माझ्या काउंटरखाली एक खण होता:
छत्र्या, चष्मे, एकदा कुणाची कवळी.
फोनमध्ये त्यासाठी एक बटण निघालं.
दाबलं.
‘आपल्या सूचनेबद्दल आभार.’
लगेच आलं. इतक्या लगेच
कुणी कधी मनापासून आभार मानलेले नाहीत.

घरी यंत्र उतरवलं, शेजारच्या पोराने हात दिला.
मग मी पुन्हा गाडीत जाऊन बसले.
पर्समध्ये एक पिवळा बिल्ला अजून आहे, का आहे विचारू नका.
त्यावर लिहिलं, ‘हा तुमच्यापैकी कुणाचा?’
मोज्यात खोचला, मोजा गिअरच्या दांड्यावर चढवला.
सीट मागे सरकवली, होती तिथवर.
ह्या सगळ्याला पाच मिनिटं लागली.
एक युरो पस्तीस.

रात्री यंत्राला तेल घालता घालता
नकाशा उघडला.
बेकरीमागचा वाटाणा नव्हता.
कुणीतरी नेला होता, अकरा वाजता, पावसात.
मी स्क्रीनला विचारलं, कुठवर?

माद्रा आतून म्हणाली, मावशी,
कुणाशी बोलतेस?