झोल

नकाशावर ती रेघ मी एका दमात मारली होती,
खाडीपलीकडच्या उपकेंद्रापासून भांडुपपर्यंत,
फुटपट्टी, टोकदार पेन्सिल,
चहा निवायच्या आत.
त्याला आता नऊ वर्षं झाली.

खाडी ओलांडायला अकरा खांब.
(खांब म्हणायचं नाही, मनोरा म्हणायचं, मसुद्यात तसं आहे.)
मनोरा क्रमांक सात कांदळवनात येतो
म्हणून पूर्वेला सरकवला,
तर मिठागराच्या बांधावर चढला.
मिठागर केंद्राचं, बांध राज्याचा,
आणि बांधावरून जाणारं पाणी
भरतीला कुणाचं, ओहोटीला कुणाचं,
यावर सोळा पत्रं.
रेल्वेनं विचारलं, तार किती उंच राहील?
विमानतळानं विचारलं, किती खाली?
दोघांना एकाच दुपारी उत्तर दिलं,
आकडा एकच, लिफाफे दोन.

'ना हरकत' एवढ्या दोन शब्दांसाठी
मी जितके जिने चढले
तितकं उंच मनोऱ्याचं टोकही नाही.

पक्ष्यांचा अहवाल मेहेरनोश कराणींनी केला.
रोहित ओहोटी बघून उठतात, म्हणाले,
अंधारातसुद्धा. तारेला गोळे लावा, दिसतील असे.
खर्चाच्या रकान्यात मी लिहिलं: गोळे.
वरून शेरा आला: कसले?

जनसुनावणीला शाळेचं सभागृह मिळालं
आणि नेमकी वीज गेली.
कुणी हसलं नाही.
कागदाने वारा घेत गोमती तांडेल उठल्या,
"बाय, तुमचा खांब चार पाय चिखलान रोवनार.
त्या चिखलान माझे दोन पाय हायेत,
चालीस वर्सं. निवट्या पकरते मी.
त्या पायांचा नंबर काय?"
इतिवृत्तात मी लिहिलं:
स्थानिक मच्छीमारांनी शंका उपस्थित केली.
नंबराला रकाना नव्हता.

हरकत क्रमांक दोनशे बारा.
कांजूरमार्ग, चौदा मजली सोसायटी.
आमच्या गच्चीजवळून तार नको:
आरोग्य, दृश्य, घरांचे भाव.
खाली सचिवांची सही,
शेवटच्या 'त'ची शेपटी लांब ओढलेली.
अच्युत अशीच सही करतो,
दुधाच्या हिशोबावरसुद्धा.
शहर बंद पडलं त्या सकाळी
हाच चौदा मजले चढून आला होता
आणि धापा टाकत मला म्हणाला होता,
तुमचं खातं करतं तरी काय?
मी शिक्का मारला: प्राप्त.
रात्री आमटी वाढली. विषय काढला नाही,
त्यानेही नाही.

फोरमन सुलेमान मुकादम मला पहिल्याच वर्षी म्हणाले होते,
मॅडम, तारेला झोल ठेवायचाच.
उन्हात ती लांबते, थंडीत आखडते.
हौसेनं ताणून बांधाल
तर एखाद्या पहाटे तुटेल, कुणी हात न लावता.
त्याचं कोष्टक असतं,
किती अंशाला किती मीटर.
या शहरात झोल म्हटलं की लोक आधी खिसा चाचपतात.
मी ते कोष्टक काचेखाली ठेवलंय,
देवाच्या फोटोशेजारी.

गुरुवारी मंजुरी आली. एकोणतीस अटी.
अट सतरा: झाडं पुन्हा मोजा.
ओहोटी होती. गमबूट घालून उतरले,
तिसऱ्या पावलाला एक बूट चिखलानं ठेवून घेतला.
गोमतीबाई पुढेच होत्या,
गुडघ्याएवढ्या आत, वाकलेल्या.
मनोरा सातच्या जागी आम्ही रोवलेली काठी,
वर लाल फडकं,
आणि फडक्याखाली त्यांची टोपली टांगलेली.
"आता कुठं उपेगी पडली," त्या म्हणाल्या,
वर न बघता.

मी एक बूट हातात धरून
झाडं मोजायला लागले.
टोपलीत काहीतरी उडी मारत होतं.
काठी जराशी वाकली होती.