चाळीस ग्रॅमच्या आत

नाइट ड्यूटी संपली की मी बस सोडते,
उम्म अल क्वैनच्या खाडीकडून चालत जाते.
एप्रिलचा शेवट. सहालाच पाणी कोमट,
तिवरांच्या मुळांत एका पायाची चप्पल,
पलीकडे क्रेनच्या दिव्यांवर धूळ.

तिथे ते गोल फिरत होते.
सोळा, सतरा, नीट मोजता येईनात.
पाण्यावर बसून स्वतःभोवतीच गरगर,
तळचं बारीकसारीक वर यावं म्हणून.
मुठीएवढं अंग. चोच बावीस नंबरच्या सुईची,
टोचायची, उचलायची, पुन्हा टोचायची,
पाण्याची शीर शोधत असल्यासारखी.

एकाच्या मानेवर तांबडं उतरू लागलेलं,
घाईत धुतलेल्या मेंदीसारखं, अर्धंच.
गळा पांढरा, डोकं पाटीच्या रंगाचं.
बाकीचे फिके, डोळ्यामागे काळा डाग,
जागरण झाल्यासारखा.
मला वाटलं, तांबडा तो नर.

"नाही, ती बाई,"
फोटो बघून एइनार म्हणाला.
बेड अकरा, घोट्यात तीन स्क्रू,
आइसलँडचा, ड्रेजरवरचा इंजिनियर.
त्याचं इंग्रजी मोडकं, माझं शिफ्टपुरतं.
वजन म्हणे चाळीस ग्रॅमसुद्धा नाही.
उशीत मूठ दाबून त्याने घरटं दाखवलं:
बर्फ वितळला की ओल्या गवतात एक वाटी,
वरून पाती ओढून घेतलेली.
भांडते ती. मिरवते ती.
नराच्या मागे पाणी उडवत धावतेही तीच.
चार अंडी, शेवाळी, तपकिरी शिंतोड्यांची,
निमुळती टोकं आत, एका चुलीशी बसल्यासारखी.
आणि मग ती जाते.

"जाते म्हणजे?"
"जाते. दक्षिणेला. समुद्रावर."
त्याने हात खिडकीकडे केला.
म्हणजे इकडेच.
नर वीस दिवस बसतो,
पोटाची पिसं झडून उघडी पडलेली कातडी
अंड्यांना लावून.

मी त्याचा बीपी घेतला. एकशे तीस, ऐंशी.
चार्टवर दोनदा लिहिला.

हर्णैला मुनाफने ट्रॉलर सोडला, त्याला चार वर्षं झाली.
सुमय्याची एक वेणी कानावर, एक मानेवर.
झैदच्या डब्यात रोज अंडं,
तेवढंच न करपता जमतं.
त्याची आई म्हणते, बाप्याला हे शोभतं का?
तो ऐकू न आल्यासारखा भाकरी उलटतो.

व्हिडिओ कॉलवर त्याला पक्ष्याचं सांगितलं.
ती पुढे दुसराही नर शोधते, ते गाळलं.
तो हसला. मग म्हणाला, पोरांना भरवतं कोण?
कुणी नाही, म्हटलं. अंड्यातून निघाली
की पिसं वाळेपर्यंतच काय ती थांबतात,
मग आपली आपण माश्या टिपतात.
हा फक्त थंडी वाजली की पोटाखाली घेतो.

"फक्त?" मुनाफ म्हणाला.
मागे कुकरची शिटी झाली. तो उठला,
फोन छताकडे बघत राहिला.
पंखा, एक कोळिष्टक, त्यात अडकलेलं काहीतरी.
तो परत येईपर्यंत मी तेच बघत होते.

आज खाडीत एकही नाही.
रात्री वारा फिरला, शायनी म्हणते, गेले असतील.
एइनारला उद्या डिस्चार्ज, आणि विचारायचं राहिलंच:
बापही पिल्लांच्या आधी निघतो का,
त्यांना वाट कोण सांगतं,
इथे, या कोमट पाण्यात, ती समोर आली
तर आईला ओळखतात का.

दुपारी झोप लागली नाही.
गावी जाणाऱ्या एकीच्या सामानात घालायला
केसांचे रबरबँड घेतले, तांबडे, दोन डझन.
दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिले, उगाच.
चाळीस ग्रॅमसुद्धा भरले नाहीत.